गुडघ्याचं अपील

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
पोस्टमननं पाकीट दिलं. अपंगत्व पेन्शनचा क्लेम रिजेक्ट. उजव्या गुडघ्याचा सैनिकी सेवेशी संबंध नाही म्हणे. दुखापत सुट्टीवर असताना जत्रेत कुस्ती खेळून झाली, असं रेकॉर्डला आहे. चोवीस वर्षं नोकरी केली, आणि आता म्हणतात गुडघा तुझा तूच फोडलास. अपिलाला सहा महिने मुदत आहे. मला सहा दिवस पुरे. रोज पहाटे पाचला उठून लिहायचं. वकील लावायचा नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
थंडी फार होती. उद्यापासून पाच.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. चौदा वर्षांपूर्वी राशन आणायला दोघं निघालो होतो. गाडी परमेश्वर चालवत होता. नेकनूरचा परमेश्वर, युनिटमध्ये बीड जिल्ह्याचे आम्ही दोघंच. त्याला डुलकी लागली आणि गाडी नाल्यात. त्याला खरचटलंसुद्धा नाही, गाडीही तशीच वर निघाली. माझा गुडघा गेला. चौकशी झाली असती तर त्याची नोकरी गेली असती, आणि त्याची पोरगी सहा महिन्यांची होती. दोघांचीही सुट्टी चार दिवसांवर होती. चार दिवस दुखणं लपवलं, धारूरला घरी आलो, परत जाऊन डॉक्टरला सांगितलं की धर्मापुरीच्या जत्रेत कुस्ती खेळलो. डॉक्टरनं विचारलं, जिंकलास का? म्हटलं, दोन मिनिटांत चितपट केला. आता हरलो असं कोण सांगेल?

त्या दिवशी परमेश्वर माझे पाय धरून रडला. म्हणाला, आश्रुबा, जीव माग, देतो. जीव कशाला? चार ओळींचा जबाब पाहिजे फक्त.

२ मार्च
नेकनूरला जाऊन आलो. परमेश्वरनं भरती अकॅडमी काढलीय. गेटवर त्याचा वर्दीतला फोटो, खाली 'सतरा वर्षे विनाअपघात सेवा'. फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या मनानं टाकलं असणार. मटणाचा बेत केला होता. जबाबाचं काढलं तर म्हणाला, टेन्शन कशाला घेतो रं, हे काय सांगायचं काम हाय? कागद घेतला, तर पेन चालेना. मग पोरांचे पालक भेटायला आले. लई बिझी माणूस झालाय. अभिमान वाटला.

१९ मार्च
अपिलाचं पहिलं पान तयार. नंबर, रँक, नाव, विषय. बाकी पानं सोपी आहेत.

६ एप्रिल
परमेश्वरचा फोन लागत नाही. नेकनूरला रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

७ एप्रिल
व्हॉट्सॲपवर त्याचे चार स्टेटस दिसले. रेंज आली वाटतं. फोन केला, उचलला नाही. बहुतेक ग्राउंडवर असेल.

२४ एप्रिल
बीडला गेलो होतो, म्हणून एका वकिलाला सहज विचारलं. (लावला नाही.) तो म्हणाला, तुमच्याच तोंडची कुस्ती रेकॉर्डला आहे, ती खोडायची तर साक्षीदाराचा सहीचा जबाब आधी हातात घ्या. म्हटलं, साहेब, दोस्त आहे. तो म्हणाला, म्हणूनच म्हणतो. सिव्हिलियन माणसाला फौजेतली दोस्ती कळायची नाही.

३० मे
परमेश्वरचा मेसेज होता, आज स्वतः धारूरला येतो म्हणून. आला नाही. जिना उतरून तीनदा रस्त्यावर बघून आलो. रात्री गुडघा सुजला.

बँकेतल्या गार्डच्या जागेलाही नकार आला. लंगडा गार्ड चालत नाही. नाही तर नाही. पण कुणी विचारलं गुडघ्याला काय झालं, तर देशाच्या कामात गेला एवढं लिहिलेला एक कागद मला पाहिजे. तो माझा हक्क आहे.

११ जुलै
पहाटे पाचला उठलो. पाणी आलं होतं. भरून परत झोपलो.

८ ऑगस्ट
मुदतीला चार दिवस. एका बैठकीत अपील संपवलं. साक्षीदार म्हणून परमेश्वरचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर. जबाब जोडला नाही. बायकोचं, रोहिणीचं म्हणणं की परमेश्वरभावजींकडून आधी लिवून घ्या, मंग पाठवा. माणूस फोन उचलत न्हाई आन् तुमी त्याच्या भरवशावर बसलाव. तिला समजावलं की ज्याला वाचवलं त्याच्याकडून सही मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. आम्हा फौजींत असं करत नाहीत. तिनं तेलाची वाटी आणली आणि गुडघा चोळायला बसली. पटलं असावं.

९ ऑगस्ट
स्पीड पोस्ट केलं. पावती देवघरात ठेवली. परमेश्वरला मेसेज टाकला की तुला पत्र येईल, खरं ते लिही. ब्लू टिक आली. म्हणजे काम झालं.

२ ऑक्टोबर
परमेश्वरचा स्वतःहून फोन! म्हणाला, ऑफिसचं पत्र आलतं, जबाब पाठवून दिला, तू निवांत राह्य. आवाज जरा बसका वाटला. ग्राउंडवर ओरडून बसला असेल. रोहिणीला बोलावून सांगितलं. पेढे आणले.

१९ डिसेंबर, दुपारी १
अपील फेटाळलं. सोबत परमेश्वरच्या जबाबाची कॉपी.

त्यात लिहितो: गाडीचा असा कोणताही प्रसंग घडलेला नाही. मी त्या वेळी सुट्टीवर होतो, धर्मापुरीच्या जत्रेत हजर होतो, आश्रुबाची कुस्ती मी डोळ्यांनी पाहिली. मैदान, गर्दी, अंबाजोगाईचा पैलवान, सगळं ओळ न् ओळ बरोबर. असणारच. कुणी विचारलं तर दोघांचं एक निघावं म्हणून मीच त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तेव्हा तो सारखा चुकायचा. आता एक चूक नाही.

नाही, एक आहे. शेवटी लिहिलंय, आश्रुबा दोन मिनिटांत चितपट झाला.

१९ डिसेंबर, संध्याकाळी ६
फसवलं मला. सरकारचं काही वाटत नाही, ते मला ओळखत नाही. हा ओळखत होता. चार दिवस बूट काढताना तोंडात टॉवेल धरायचो, तेव्हा हा समोरच्या खाटेवर बसून बघत होता.

रोहिणीनं जबाब दोनदा वाचला. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाली नाही. तेलाची वाटी घेऊन बसली.

वकील लावायचा नाही. उद्यापासून पाचला उठायचं. दुसऱ्या अपिलाचा पहिला मुद्दा आत्ताच लिहून ठेवला: सदर कुस्ती मी जिंकली होती.