संगणकाचे अधिकार

राजनंदिनी,

बातमीसाठी पेडगावला निघालोय. तुझ्या गाडीच्या वेळेपर्यंत परतणं होणार नाही. पोळ्यांचा डबा ओट्यावर आहे. निघताना किल्ली शेजारच्या छबूबाईंकडे दे.

माझ्या संगणकावर काहीही नवं टाकायचं, अगदी प्रिंटर जोडायचा, तरी पासवर्ड लागायचा आणि तो तू पुण्याहून टाकायचीस. काल तू सगळे अधिकार मलाच देऊन टाकलेस. "बाबा, आता सारखं मला फोन करायचं काम नाही," म्हणालीस.

जाण्याआधी ते अधिकार काढून घे. पासवर्ड तुझ्याकडेच राहू दे. त्यासाठी फोन केला की तू मीटिंगमधूनही उचलतेस. सहज केला, तर "नंतर करते" एवढा मेसेज येतो.

बाबा