मागच्या सीटवरचा सुधीर

रविवार, संध्याकाळ

डोकं भणभणतंय नुसतं. अंधशाळेच्या मदतीसाठी सहा दिवस सायकल चालवत आमची टीम इंदूरहून आज नाशिकला पोचली. दोघांच्या सायकलवर पुढे मी, मागे सुधीर. त्याला दिसत नाही, पण राहुड घाटात माझे पाय गळाले तेव्हा त्याच्याच जोरावर चढलो. आणि सत्काराच्या वेळी त्या आयोजक बाई त्याच्यासमोर उभ्या राहून मला विचारतात, "यांना चहा चालतो ना?" अहो, त्यालाच विचारा की! तोंड आहे त्याला! अंधांसाठीच्या कार्यक्रमात एवढीही अक्कल नाही?

आणि मी? मी मूर्खासारखा पटकन म्हणालो, "हो, साखर कमी."

घरी सोडताना सुधीर म्हणाला, "मला कॉफी हवी होती रे."