उपास आणि उपाशी

मंगळवार, एकादशी. संध्याकाळ, आईच्या खाटेशेजारी.

आईचं हर्नियाचं ऑपरेशन उद्यावर गेलं. दोष माझा की भाषेचा, ते ठरत नाहीये. सकाळी परळला निघताना तिला विचारलं, "पोट रिकामं ना?" ती म्हणाली, "अरे, उपास आहे माझा." मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, उपवासाचा अर्थ मला कोण सांगणार? इस्पितळाच्या कागदावर 'उपाशी' लिहून सही ठोकली.

सिस्टर खोताच्या वाडीतल्या, ख्रिस्ती. कागद वाचूनही त्यांनी आईला विचारलं. मग पुन्हा विचारलं. मी वैतागलो, "लिहिलंय ना त्यात!" त्या आईजवळ टेकल्या. "आजी, आज एकादशी ना? उपासाला काय केलेलं?"

"साबुदाण्याची खिचडी," आई खुशीत. "दोनच वाट्या."

सिस्टर डॉक्टरांना कळवून आल्या. मला हळूच म्हणाल्या, "सर, भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाते."

तेव्हापासून डोकं चालत नाही. आई खोटं बोलली नाही. मीही नाही, बहुतेक. मग त्या दोन वाट्या कागदातून निसटल्या कुठून? आणि एकादशी त्यांना आठवली, मला का नाही? त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नसतं तर...

आत्ता आई म्हणते, "उद्या द्वादशी. ऑपरेशनच्या आधी उपास सोडायला हवा हं."

सिस्टरना शोधायला निघालो.