सासूचा ठेवणीतला उसासा

४ मार्च
आज पुन्हा खोडी काढली! मालिकेतली सासू उसासा टाकते. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्याखाली मी नुसतं [उसासा] लिहायचं. लिहिलं — [सासूचा ठेवणीतला उसासा]. संध्याकाळी बाबा, म्हणजे माझे सासरे, टीव्हीसमोर होतेच. त्यांचे कान जाऊन नऊ वर्षं झाली, सगळी मालिका माझ्या ओळींवर बघतात. हसले का? छे. अक्षरं नटीच्या हनुवटीवर येतात म्हणाले.

५ मार्च
[दार आपटतं — पाहुण्यांना कळेल इतपत]. मजा आली.

११ मार्च
साहेबांनी बोलावून झापलं. आवाज आहे तेवढाच लिहायचा, पुन्हा चावटपणा केला तर दुसरी नोकरी शोधायची. दिवसभर [उसासा], [दार], [पावलं]. माझाच मला कंटाळा आला.

१३ मार्च
बाबांनी मालिका अर्ध्यात बंद केली नि पेपर उघडला. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

१८ मार्च
ऑफिसात सतरा पत्रं! सतरा नावं, सतरा पत्ते, सगळे ऐकू न येणारे प्रेक्षक. मागणी एकच — आमचे जुने आवाज परत द्या. साहेब पार विरघळले. मी पत्रं हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. टपोरं, तिरकं अक्षर, दर ओळीखाली रेघ. आमच्या वाणसामानाच्या यादीचं अक्षर! सतराच्या सतरा बाबांनी लिहिलेली. महाबिलंदर म्हातारा! साहेबांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१९ मार्च
कागदावर लिहून बाबांना विचारलं, पत्रं तुमचीच ना? "हो," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

२० मार्च
मेले! साहेबांनी सतराही जणांना शनिवारी चहाला बोलावलंय. पत्रं खोटी ठरली की माझी नोकरी गेलीच. बाबांना सगळं लिहून दाखवलं. त्यांनी विचारलं, चहाबरोबर काय आहे? कपाळावर हात मारून घेतला.

२३ मार्च, शनिवार
पर्समध्ये राजीनामा घेऊन गेले. अकराला दार उघडलं. पुढे बाबा, मागे सोळा जण. खरेखुरे! त्यांची बागेतली मंडळी. कुणाचा हात थरथरतो, बाकीच्यांना आळस, म्हणून लिहायचं काम बाबांकडे. साहेबांसमोर बाबांनी मला पुढे ओढलं आणि खच्चून ओरडून मित्रांना सांगितलं, "ही आमची सून. आपल्याला ऐकवते ती हीच!"
सोळांपैकी एकालाही ऐकू गेलं नाही. मला गेलं.