रेणुकाला काय हवं?

वसुबारस, दिवेलागण

दुधनीजवळच्या धनगरवस्तीतल्या मुलींना दिवाळीला फ्रॉक द्यायचे म्हणून आज नवी पेठेत दुकानोदुकानी वर्गणी मागितली. एका कापडवाल्या काकांनी सहज विचारलं, "मुलींना काय हवंय, विचारलंत?" कधीच कसं विचारलं नाही मी?

घरी येऊन वस्तीवरच्या अंगणवाडीताईंना फोन लावला. त्यांनी तो शेजारीच उभ्या असलेल्या, वस्तीतल्या छोट्या रेणुकाला दिला.

"फ्राक नको ताई. आईला साडी द्या की. पिवळी. तिला नवी कुणीच घेत न्हाय."

तेव्हापासून डोळ्यांसमोर पिवळंच तरंगतंय. मोकळा माळ, संथ चाललेली मेंढरं आणि त्यांच्यामागं वाऱ्यावर उडणारा तो पिवळा पदर...

आणि फोन ठेवताना ती हळूच म्हणाली होती, "एखादा फ्राक उरलाच, तर मला चालंल."