काळ्या सापाचा पांढरा पट्टा

४ जुलै, सुभानपुरा
पट्टा पांढराच. भिंग लावून परत बघितला. मला प्राणिशास्त्र शिकवलेल्या सरांनी तरुणपणी घाटात धरून कॉलेजच्या बरणीत ठेवलेला हा काळा खापरखवल्या. वीतभर, बिनविषारी, गांडुळं खाऊन राहणारा. ह्याचा गोतावळा सह्याद्री सोडून कुठेच नाही. बाकी पट्टेवाल्यांचा पट्टा पिवळा, ह्याचा पांढरा. म्हणजे प्रजाती नवी. बास.

५ जुलै
राहवलं नाही. दांडिया बाजारात सरांच्या घरी जाऊन सांगून टाकलं, सापाला तुमचं नाव देतेय. ऐंशी उलटलेला माणूस, खुदकन हसला. मग म्हणतात, "अगं, पण सापाला काय वाटेल?"

८ जुलै
सरांनी गल्लीभर पेंडे वाटले! त्यांच्या सुनेचा फोन, "ताई, देवळात गुरुजींनाही सांगून आलेत. आता लवकर छापा हं." छापते की. निम्मा लेख झालाय. ह्यांचं टुमणं, वासणा भागातला फ्लॅट बघायला चल. आधी साप, मग फ्लॅट.

१४ जुलै
विभागात मासे शिकवणारी हेतलबेन बरणीत डोकावली. "आ तो स्पिरिटमां धोळो थई गयो हशे. मारी माछलीओनो पीळो रंग पण ऊडी जाय छे."
म्हणे स्पिरिटमध्ये पांढरा पडला असेल! चिडले. मग शेजारची नानेटी सापाची बरणी काढली. तिचेही पिवळे पट्टे पांढरे फटक. रंग उडतो हे वर्गात मीच शिकवते. धन्य आहे माझी!

१५ जुलै
पट्टा गेला. पण पोटाखालचे खवले बाकीच्यांपेक्षा कमी आहेत, ते काही स्पिरिटमध्ये उडत नाहीत. साप वेगळाच आहे, मी मागे हटणार नाही. फक्त एका सापावर कोण विश्वास ठेवणार? दुसरा शोधायला हवा, पावसाळा आहे तोवर. घाटात साप धरायच्या परवान्याचा अर्ज वनखात्याकडे आजच पाठवला.
सरांना मात्र सांगायला हवं. त्याची भीती वाटते.

१७ जुलै
सांगितलं. सरांनी तळवा पुढे केला.
"पिवळाच होता तो. हळदीसारखा. ह्या हातात धरलाय मी."
"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"
"तू नाव द्यायला आली होतीस. रंग कुठे विचारलास?"
तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं बरणी बघतेय. ज्याने जिवंत पाहिला तो माणूस रिक्षाच्या अंतरावर.

२ ऑगस्ट
परवाना आला. उद्या निघते. सर हट्ट धरून बसले होते, मी पण येणार. डॉक्टर साफ नाही म्हणाले. शेवटी सर म्हणाले, "नावाचं राहू दे गं. मला एकदा जिवंत दाखव, फोनवर का होईना."
दाखवीन. साप सापडेलच, त्याची मला चिंता नाही. सर मात्र ह्या महिन्याभरात फार थकलेत.
घाटात रेंज येते का, तिथल्या कुणाला तरी विचारून ठेवायला हवं.