शंभर कोड्यांची जागा

२४ सप्टेंबर १९८७, गुरुवार
घरात कम्प्युटर आला. सुनेले, शामलाले, धरमपेठच्या क्लासवाल्या ओमप्रकाश सरांनी दिला. पुढच्या शनिवारी परत. तवापर्यंत तिनं गणिताची पाच कोडी मशीनकडून सोडवून कॅसेटच्या टेपवर भरून न्यायची. जमलं तर क्लासात शिकवायची नोकरी. बी.एस्सी. होऊन तीन वर्षं पोळ्याच लाटून राहिली पोरगी. ठरवलं, आपण मदत करायची. खाप्यात, आपल्या गावी, जन्मभर पंप बसवले. हे तर टेबलावर मावते.

२५ सप्टेंबर
गेलो तं शामला थेट कोडं लिहून राहिली. अशी संख्या शोधा, दोनापासून नवापर्यंत कशानंही भागा, बाकी एकच उरली पाहिजे. थांबवलं. पंप कोणी चिखलात ठेवते काय वं, म्हटलं. आधी ओटा. म्हणे, मामाजी, पाचच तं कोडी आहेत. म्हटलं, आज पाच आहेत, उद्या शंभर येतील. मले तामझाम आवडत नाही. पण आधी तयारी पाहिजे.
तिनं लिहिलं होतं ते पुसायले लावलं. बरोबरच केलं.

२७ सप्टेंबर, दुपारी
मी सांगतो, ती टाइप करते. असा साचा, की कोणतंही कोडं टाका, गाडी चालू. वर श्री. मग नंबर, तारीख, उत्तराची चौकट, चुकलं तं सॉरी. इंदू म्हणे, तिले बसू देता की नुसतं बसवून ठेवता. बायकोले यातलं काय समजते.
कोडं उद्या नक्की.

२९ सप्टेंबर
कोडं राहिलं. खाली माझं नाव टाकायचं होतं. मधात टाकावं की कोपऱ्यात, यातच वेळ गेला. शामला घड्याळाकडे पाहत होती. छातीत जळजळ. नवरात्रातला साबुदाणा.

३० सप्टेंबर
शंभर कोड्यांची जागा आधीच राखून ठेवायले लावली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तशी. आता पहिलं कोडं टाकलं तं मशीन म्हणते, जागा नाही. शामला म्हणे, मामाजी, साऱ्या सीटवर रुमालच बसले आहेत, थोडे उचलू काय. म्हटलं, हात लावू नको, उद्या मी पाहतो.
सरांनी मशीनच लहान दिली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पाने, हातोडी, त्यांच्यासोबत कम्प्युटरही मांडला. हळदकुंकू, झेंडू. पूजेतलं हत्यार आज चालवत नाहीत, हे शामला हात पुसत मशीनवर बसायले आली तवा आठवलं. तिनं इंदूले विचारलं, यालेही सुटी काय, आई. इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी घंटी वाजवत होतो. जरा जास्तच वाजवली.

२ ऑक्टोबर, दसरा
शामला सकाळीच रुमाल उचलायले बसली, तं सोनं द्यायले पाव्हणे सुरू. मीच तिले उठवलं. पाव्हण्यांतल्या महादेवरावले मशीन दाखवली. वर श्री, खाली बाबाराव खापावाले. खूश झाला. मग म्हणे, हे करते काय गा. शामला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हटलं, सध्या तयारीत आहे.
पाव्हणे जाईस्तोवर दिवस गेला.

३ ऑक्टोबर
शामला मशीन आणि टेप देऊन आली. सर म्हणाले, सजावट छान आहे, कोडं कुठं आहे. खाली नाव पाहून विचारलं, हे कोण. हिनं सांगितलं, माझे सासरे, आशीर्वाद म्हणून नाव टाकलं, काम माझंच आहे.
नोकरी दुसऱ्या पोरीले. सोमवारी तिची नेमणुकीची चिठ्ठी निघते.
मले हे सांगून शामला कणीक मळायले गेली. उपास सुटले, तरी जळजळ आहे.

४ ऑक्टोबर, रविवार
ठरलं. उद्या चिठ्ठी निघायच्या आधी सरांना सांगायचं, चूक माझी, पोरीले दोन दिवस द्या. एवढंच. इंदू म्हणे, खरंच एवढंच बोला.

५ ऑक्टोबर
गेलो. सरांनी खुर्ची दिली. एकदम कसं सांगता येते. आधी ओळख दिली. मग खापा, कन्हानचा पूर, आमचे वडील. सर ऐकून राहिले होते. वडिलांचं लग्न सांगून झालं तेवढ्यात पोरांची पुढची बॅच आली. सर उठले. म्हणे, बाबारावजी, काही काम होतं काय. म्हटलं, त्यावरच येऊन राहिलो. त्यांनी टेबलावरची चिठ्ठी शिपायाले दिली आणि आत गेले.
घरी आलो तं इंदूनं विचारलं, सांगितलं काय. शामला दारातच उभी होती.
म्हटलं, सर फार घाईत होते.